गुलाबी जिन्याचं राज्य

विधिशास्त्राच्या तोंडी परीक्षेत सरांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "कायद्याचं राज्य म्हणजे काय?"

पुस्तक मी उघडलेलं नव्हतं. खरं तर ते माझ्याकडे नव्हतंच. पण वकील व्हायला निघालेल्या माणसानं गप्प बसू नये, एवढं कायद्याचं ज्ञान मी चंदगडहून कोल्हापूरला येतानाच सोबत आणलं होतं. छाती पुढे काढून म्हणालो, "सर, जिथं वकिलांचं बरं चाललेलं असतं, ते."

शेजारी बसलेले बाहेरगावचे परीक्षक नेमके पाणी पीत होते. ते पाणी त्यांच्या शर्टावर आलं. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघितलं, म्हणजे तसा तरी मी जरा बरा दिसेन या आशेनं, आणि विचारलं, "राहतोस कुठं?"

"खोली शोधायलोय सर."

"माझ्या गच्चीवरची खोली रिकामी आहे. ये. हे तुला वाचून कळणार नाही. राहून कळलं तर कळेल."

मी काठावर पास झालो आणि पुढच्याच रविवारी गादी खांद्यावर टाकून त्यांच्या दारात उभा राहिलो. मला वाटलं होतं, मास्तरचं घर आहे, गरीब माणूस, भाडं वेळेवर दिलं की झालं. आपण एका देशाच्या सीमेवर उभे आहोत, याची मला कल्पना नव्हती.

घर साधं, सिमेंटचं. तळमजल्यावर सर एकटे. लग्न केलं नव्हतं. कोणी कारण विचारलं तर म्हणायचे, "एका घरात दोन सभागृहं मला झेपली नसती." पहिल्या मजल्यावर संभा आणि त्याची बायको. संभाचं मोटरसायकलींचं गॅरेज होतं आणि दंड असे की पाना घरी विसरला तरी काम अडत नसावं. त्याच्या वर महादेवी सिस्टर, एका दवाखान्यात नर्स, मूळच्या गडहिंग्लजकडच्या. मराठीत बोलायच्या आणि कानडीत रागवायच्या. आणि सगळ्यांच्या वर, पाण्याच्या टाकीच्या शेजारी, मी.

जिन्याखालच्या भिंतीवर या घराची घटना होती. खरीखुरी. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून सरांनी ती ऑइलपेंटमध्ये लिहून घेतली होती. पहिलंच कलम, लाल अक्षरात: 'या घरात राजा एक, पण राज्य नियमांचं.' त्याखाली पाण्याची मोटर, पाहुणे, कचरा, मासिक सभा, न्यायालय अशी कलमं. सगळ्यात खाली पेंटरनं स्वतःचं नाव आणि मोबाईल नंबर टाकला होता. त्यामुळे आमच्या घटनेवर घटनाकार म्हणून सही आहे ती त्याचीच.

सर रोज सकाळी तोंडात ब्रश घेऊन त्या भिंतीसमोर उभे राहायचे आणि सगळी कलमं वाचायचे. ब्रशमुळे शब्द कळायचे नाहीत, पण चाल आरतीची असायची.

त्या पहिल्या रविवारी माझी गादी जिन्यावर टेकवून सरांनी सगळ्यांना खाली बोलावलं आणि आतून एक पळसाची काठी आणली. जुन्या काळी राज्याभिषेकात म्हणे राजा मोठ्यानं सांगायचा, आता मला दंड करणारा कोणी नाही. मग पुरोहित पळसाची काठी त्याच्या अंगाला लावून म्हणायचा, आहे, धर्म आहे. सरांना ही गोष्ट इतकी आवडायची की नवा भाडेकरू आला की ते हा विधी स्वतःवर करून घ्यायचे. पुरोहिताच्या जागी भाडेकरू, धर्माच्या जागी कायदा.

माझ्या हातात काठी आली. सर पाठ करून उभे राहिले आणि गरजले, "मला दंड करणारा कोणी नाही!"

"हाण," संभा कानात म्हणाला.

आता ज्या माणसानं आपल्याला काठावर पास केलं, तो पाठमोरा उभा आहे, हातात काठी आहे आणि मागनं एक पैलवानासारखा माणूस 'हाण' म्हणतोय. मी चंदगडचा. आमच्याकडे काठी एकतर हलवायची नाही, नाहीतर म्हशीला कळेल अशी हलवायची. मी हाणली.

सर भिंतीवर गेले. पाण्याच्या मोटरच्या कलमावर त्यांचं नाक टेकलं. महादेवी सिस्टर "अय्यय्यो" म्हणत धावल्या. संभा जिन्याच्या कठड्यावर पोट धरून ओणवा झाला. आणि मी, विधी पुरा करायचा राहिलाय हे एकदम आठवून, काठी तशीच वर धरून ओरडलो, "कायदा आहे!"

"आहे रे बाबा," सर पाठ चोळत म्हणाले. "पटला."

त्यानंतर आठवडाभर महादेवी सिस्टर त्यांच्या पाठीला मलम लावत होत्या आणि सर कौतुकानं सांगत होते, "आजवर जेवढे भाडेकरू आले, त्यांत कायद्याचा अंमल इतका कडक कोणी केला नव्हता."

आता, कोल्हापुरात राजा या विषयावर बोलायचं म्हणजे जपून. इथं राजाला लोक मनापासून मान देतात आणि स्वतःलाही राजाच समजतात. रिक्षात बसा, चालवणारा राजा. मिसळ मागवा, वाढणारा राजा. सरांचं म्हणणं असं, की जगातल्या सगळ्या राज्यपद्धती शिकायला मिसळीच्या दुकानाइतकं चांगलं विद्यापीठ नाही. मला घेऊन ते दर रविवारी जायचे आणि पहिला घास घ्यायच्या आधी व्याख्यान द्यायचे.

"कट किती तिखट घालायचा ते मालक ठरवतो, आणि गिऱ्हाइकानं डोळे पुसत खायचं, ती निरंकुश राजेशाही. कट वेगळ्या वाटीत येतो, गिऱ्हाईक आपलं आपण ओतून घेतं आणि म्हातारा मालक गल्ल्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नुसता नमस्कार करतो, ती घटनात्मक राजेशाही. इंग्लंडचा राजा तो गल्ल्यावरचा म्हातारा. त्याला भटारखान्यात पाऊल टाकायची परवानगी नाही. पण तो उठून गेला तर गिऱ्हाइकाला चुकल्यासारखं होतं."

"आणि आपलं प्रजासत्ताक, सर?"

"गिऱ्हाइकांनी पाच वर्षांसाठी आचारी निवडायचा. कट जास्त झाला तर पुन्हा निवडायचा नाही. पण आचाऱ्यावरही एक पाटी पाहिजे. हात धुऊन ये म्हणणारी. ती पाटी महत्त्वाची, बाळ. राजा आहे की आचारी आहे ते नंतर."

इंग्लंडची घटना एका पुस्तकात लिहिलेली नाही, याचं त्यांना फार नवल वाटायचं. "तिकडं एका जागी लिहिलेलं नाही, तरी चालतंय. आपल्याकडं भिंतीवर लिहिलं तर लोक तिथंच थुंकतात." भूतानच्या राजाबद्दल बोलताना तर त्यांचा आवाज बदलायचा. तिथल्या राजानं आपणहून अधिकार सोडले आणि प्रजाच म्हणत होती, सरकार, नका सोडू. "असा राजा व्हावं," सर म्हणायचे आणि मिसळीवर फरसाण घ्यायचे.

हे सगळं नुसतं बोलण्यापुरतं असतं तर मी दुसरी खोली बघितली असती. पण सर तसे वागायचे. एकदा मासिक सभेत महादेवी सिस्टरांनी ठराव मांडला, जिना गुलाबी रंगवायचा. संभानं मला कोपर मारलं म्हणून मी हात वर केला आणि ठराव पास झाला. सरांना गुलाबी रंग बघवत नसे. लाडू गुलाबी असला तरी डोळे मिटून खायचे. पण त्यांनी सही केली. "राजानं सही करायची असते," म्हणाले, "आवडलं म्हणून केली तर ती सही नव्हे, तो हट्ट." जिना अजून गुलाबी आहे.

दुसरं म्हणजे, भाडेकरूच्या खोलीत बोलावल्याशिवाय जायचं नाही, हे राजावरचं बंधन त्यांनीच घातलेलं. गच्चीवरची दोरी माझ्या दारासमोरून जायची, म्हणून धुणं वाळत घालायला आले की माझ्या दारावर टकटक करायचे. "जाऊ का पुढं? घर माझं आहे, पण दार तुझं आहे." एकदा मी भर दुपारी गाढ झोपलेलो. जाग आली तर सर चैत्राच्या उन्हात पिळलेलं धोतर हातात घेऊन उभे. धोतर हातातच वाळलं होतं.

"दार ढकलून उठवायचं की, सर!"

"ढकललं असतं. मग उद्या कोणीही ढकललं असतं."

या नियमाचा एक परिणाम असा झाला, की सरांनी आमच्या खोल्या आतून कधी बघितल्याच नाहीत. बोलावलं तर व्याख्यान होईल या भीतीनं कोणी बोलावत नव्हतं. संभाच्या खोलीचा स्लॅब गळायचा. त्यानं मासिक सभेत कितीदा सांगितलं. सरांचा प्रश्न ठरलेला, "पुरावा?" एकदा संभानं बादलीच उचलून आणली आणि सरांच्या पायाशी आदळली.

"ह्यो घ्या पुरावा."

सरांनी वाकून बघितलं. "बादलीत पाणी आहे, हे सिद्ध होतं. ते स्लॅबचं आहे, हे कुठं सिद्ध होतं?"

संभा बादली घेऊन वर गेला. जाताना जिन्यावर जे पुटपुटला ते घटनेत बसणारं नव्हतं.

संभा आणि सर यांच्यात आणखी एक गोष्ट होती, आणि ती कोल्हापूर सोडून जगात दुसऱ्या कुठल्या घरमालक-भाडेकरूंत असेल असं मला वाटत नाही. फुटबॉल. सर एका पेठेचे, संभा समोरच्या पेठेचा. इथं पेठांच्या संघांचा सामना असला की भाऊ भावाशी बोलत नाही. पूर्वी एकदा या घरात सामन्यावरून भांडण होऊन जिन्याचा कठडा मोडला होता. तेव्हा सर्वानुमते एक कलम आलं: 'फुटबॉलवरून घराच्या उंबऱ्याच्या आत जो आरडाओरडा करील, त्याचा राहण्याचा हक्क एक महिना बंद.' उंबरा म्हणजे रस्त्यावरच्या गेटचा.

त्या कलमाखाली संभा एकदा बाहेर गेला होता. त्याच्या पेठेनं कप जिंकला आणि यानं जिन्यातच शिट्टी घातली. त्या महिन्याच्या न्यायाधीश महादेवी सिस्टर होत्या. न्यायाधीश दर महिन्याला भाडेकरूंतून पाळीनं व्हायचा, राजानं व्हायचं नाही, हेही कलमच. सिस्टरांनी शिक्षा सुनावली आणि संभा महिनाभर मेव्हण्याच्या घरी जाऊन राहिला. परत आला तो म्हणाला, "जेल परवडंल, मेव्हणा नगं."

पुढच्या वर्षी फायनलला नेमक्या त्याच दोन पेठा आल्या. तोवर सर निवृत्त झाले होते, मी वकील होऊन कोर्टात जाऊ लागलो होतो, आणि त्या महिन्याचा न्यायाधीश मीच होतो.

सर व्हरांड्यात मोबाईल मांडीवर घेऊन सामना बघत होते. चेहरा एखाद्या निवाड्याची प्रत वाचावी तसा. मी पायरीवर बसून शेंगा खात होतो. संभा वरच्या खिडकीत. बरोबरी सुटेना. आणि शेवटी सरांच्या पेठेनं गोल मारला.

पुढं जे झालं ते मी स्वतः बघितलं नसतं तर सांगणाऱ्याला वेड्यात काढलं असतं. विधिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला तो माणूस खुर्चीवर उभा राहिला. डोक्यावरचा टॉवेल हवेत गरागरा फिरवला. "ग्गोल!" अशी आरोळी ठोकली की समोरच्या डेअरीतला माणूस दूध ओतायचा थांबला. मग वर खिडकीकडे बघून, दोन्ही हातांनी कानाच्या पाळ्या हलवून दाखवत, "काय संभाजीराव! झोपली काय तुमची पेठ? अंगाई म्हणू काय?"

वरची खिडकी अलगद मिटली. संभा जिना उतरून खाली आला. हरलेल्या माणसाचा चेहरा इतका उजळलेला मी पहिल्यांदाच बघितला.

"न्यायाधीशसाहेब," तो मला म्हणाला, "तक्रार हाय."

कोर्ट जिन्यावर भरायचं. न्यायाधीश वरच्या वळणावर उलट्या घातलेल्या बादलीवर, बाकीचे खालच्या पायऱ्यांवर. हातोडा म्हणून पातेलं आणि उलथनं. सर काळा कोट घालून, भांग पाडून आले आणि सगळ्यात खालच्या पायरीवर उभे राहिले. आरोपीची जागा. मी म्हणालो, सर बसा की. म्हणाले, "संभा बसला होता का?"

"गुन्हा कबूल?" मी विचारलं.

"कबूल. गोल झाल्याचा आनंदही कबूल."

आता माझं ऐका. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा आपल्यासमोर आपला मास्तर आरोपी आहे, तर जरा रंग भरावा. राजाला माफीचा अधिकार होताच. तसं कलम होतं. मी शिक्षा ठोकावी, सरांनी राजा या नात्यानं माफी द्यावी, सिस्टरांनी चहा ठेवावा आणि खेळ संपावा, असा माझा हिशेब. मी उभा राहिलो. राजा असो की रंक, कायद्याच्या तागडीत सगळे सारखे, वगैरे वगैरे बोललो. मध्ये इंग्लंडलाही जाऊन आलो. आणि शेवटी उलथनं पातेल्यावर असं आपटलं की पातेल्याला पोचा आला. "एक महिना उंबऱ्याबाहेर!"

टाळ्या झाल्या. संभानं शिट्टी घालायला बोटं तोंडात घातली आणि वेळेवर काढली.

"आता माफी, सर," मी हळूच म्हणालो.

"कोण देणार?"

"तुम्हीच की. राजा."

"आरोपी कोण?"

"तुम्हीच."

"स्वतःच्या खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे तुला दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं," सर म्हणाले. "त्या दिवशी तू सिनेमाला गेला होतास."

संभाचा चेहरा उतरला. "सर, चेष्टा केली ओ. घेतो की तक्रार मागं."

"गेल्या वर्षी महिनाभर मेव्हण्याकडं होतास ना?"

"व्हय."

"का?"

"तुम्ही घालवलासा."

"मी नाही. त्या भिंतीनं घालवलं. आज भिंत माझं नाव घेतेय, तर तिच्याकडं वशिला लावू?"

मग मला कळलं की खेळ फक्त माझ्यापुरता होता. या माणसानं जन्मभर रिकाम्या बाकांना सांगितलं होतं, की राजाच्या डोक्यावर कायदा असतो. तो कायदा आज पहिल्यांदाच त्याच्या दारात येऊन उभा होता. आत घेतला नसता तर ती सगळी व्याख्यानं खोटी पडली असती, आणि हे त्या जिन्यावर त्याच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. मी तर पातेल्याचा पोचा अंगठ्यानं दाबून बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर एक जुनी कातडी बॅग घेऊन स्वतःच्या घरातून हद्दपार झाले. कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत येऊन गेटबाहेर थांबले. रक्तदाबाच्या गोळ्या टेबलावर राहिल्या होत्या. मी म्हणालो, या की आत, कोण बघतंय. ते पाय जुळवून तिथंच उभे राहिले. गोळ्या मी आणून दिल्या, गजांमधून.

गेले ते गडहिंग्लजला, थोरल्या बहिणीकडे.

राजा गेला की प्रजासत्ताक येतं, असं पुस्तकात आहे. आमच्याकडे पाणी आलं, तेही जिन्यावरून. मोटर लावून मी कोर्टात निघून गेलो होतो. टाकी भरली, गच्ची भरली, गुलाबी जिन्याचा धबधबा झाला. संध्याकाळी येतो तो महादेवी सिस्टर साडी खोचून पायऱ्या झाडत होत्या आणि कानडीत जे बोलत होत्या ते मला शब्दन् शब्द कळलं. कचरा कोणी टाकेना. सभा कोणी बोलावेना. संभा तर पारच बिघडला. "चिडवायला माणूस नसंल तर पेठंचा अभिमान कुणाफुडं मिरवायचा?" असं म्हणून उगाच सरांच्या बंद दारासमोरून खाकरून जायचा.

शेवटी एका रविवारी आम्ही तिघं एस्टीनं गडहिंग्लजला गेलो.

सर अंगणात पोत्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. आम्हाला बघून उठले नाहीत. आधी दाराकडे बघितलं. दारात अक्का. उंची माझ्या खांद्याइतकी, आवाज गावाइतका. "बर्री, बर्री," म्हणजे या, या, असं आमचं स्वागत करून त्यांनी सरांना हाक मारली, "तम्मा! पावण्यांस्नी पाणी आण. आणि शेंगा सोडून उठू नगंस म्हटलं हुतं ते पाण्याला सोडून."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. आमचा राजा तांब्या घ्यायला पळाला.

अक्का आत गेल्यावर सर पुढे सरकून कुजबुजले, "पहाटे अंघोळ. चहा एकदाच. पेपर तिच्यानंतर. काल ताटात कारलं राहिलं तर तेच आज सकाळी. इथं घटना नाही रे."

"मग दाद कुणाकडं मागायची, सर?"

"अक्काकडंच. तीच फिर्यादी, तीच न्यायाधीश, आणि भाकरीही तीच करते." त्यांनी एक शेंग फोडली. आत दाणा नव्हता. "पुस्तकात वाचून निरंकुश सत्ता कळत नाही, बाळ. राहून कळते."

"चला की मग घरला," संभा म्हणाला. "मी सांगतोय न्हवं, चला."

"महिना झालेला नाही."

"सर, मी न्यायाधीश आहे, शिक्षा कमी करतो," मी म्हणालो.

"कलम दाखव."

कलम नव्हतं. अक्कांनी आतून ताटं आणली, पिठलं, भाकरी, शेंगांची चटणी, आणि महादेवी सिस्टरांशी कानडीत गप्पा सुरू केल्या. बोलता बोलता अक्कांनी सिस्टरांचा हात धरला. आता दोन दिवस हलायचं न्हाई म्हणाल्या, पाहुणा आला की निदान...

सिस्टरांचा घास हातातच राहिला. "पाहुणा," त्या म्हणाल्या. "सर, शिक्षेच्या कलमात काय लिहिलंय? राहण्याचा हक्क बंद. होय की नाही?"

"बरोबर."

"आणि पाहुण्याच्या कलमात? भाडेकरूचा पाहुणा तीन रात्री राहील. पाहुण्याला कुठं हक्क असतोय? त्याला बोलावणं असतंय. मी तुम्हाला बोलावते. मग संभा बोलावंल. मग हा वकील. मग परत मी."

सरांनी डोळे मिटले. ते भिंत वाचत होते, हे आम्हाला कळत होतं. ओठ आरतीच्या चालीवर हलत होते. अंगणात कोंबडी सोडून कोणी हललं नाही. मग डोळे उघडून म्हणाले, "बसतंय. कलमात बसतंय!"

"थांबा थांबा," संभा ताट सारून उठला. "मग मला का न्हाई सांगितलंसा हे? म्हैनाभर मेव्हण्याचं जोडं पुसल्यात मी!"

"तू वकील केला नव्हतास," सर म्हणाले.

"आता तरी कुठं केलाय? हे सिस्टरांनी काढलं. वकील निस्ता पिठलं खायलाय!"

हे खरं होतं. पिठलं चांगलं होतं.

अशा रीतीनं राजा स्वतःच्या घरात पाहुणा म्हणून परत आला. गेटपाशी थांबला, सिस्टरांनी "या" म्हटल्यावरच आत शिरला आणि स्वतःच्या दाराला लागलेल्या कुलपाकडे न बघता गुलाबी जिना चढला. सिस्टरांकडे भाकरी खाल्ली. माझ्याकडे आले तेव्हा मी भात लावला होता. तो तळाला करपला आणि वर कच्चा राहिला. सर मधला भात जेवले आणि म्हणाले, "दोन्ही टोकं टाळली की घटनात्मक मार्ग सापडतो." न्हाणीत जायलासुद्धा विचारायचे. सगळ्यांच्या वर, गच्चीवर उभे राहून एकदा बराच वेळ खाली बघत होते. "इथनं घर वेगळंच दिसतं रे," म्हणाले. "खालनं नुसतं माझं दिसायचं."

मग पाळी संभाची. "या पावणं!" म्हणून त्यानं असं स्वागत केलं, की तांबड्या रश्श्याचा वास डेअरीपर्यंत गेला. सर भरपेट जेवले आणि दुपारी संभाच्या कॉटवर आडवे झाले.

थोड्या वेळानं संभाच्या खोलीतून सरांची हाक आली. आम्ही सगळे धावलो. सर कॉटवर उठून बसले होते. कपाळाच्या मधोमध पाण्याचा एक टपोरा थेंब.

"संभा," ते म्हणाले, "स्लॅब गळतोय."

संभानं हाताची घडी घातली. या क्षणाची त्यानं किती वाट बघितली असेल! "पुरावा?"

सरांनी कपाळाकडे बोट दाखवलं.

"कपाळावर पाणी हाय, हे सिद्ध होतंय," संभा सावकाश म्हणाला. "ते स्लॅबचं हाय, हे कुठं सिद्ध होतंय? घाम आसंल. रस्सा तिखट हुता."

आणि तेवढ्यात वरून दुसरा थेंब सरांच्या नाकावर पडला. मला वाटलं आता सर चिडणार. ते हसायला लागले. आधी खांदे, मग पोट, मग सगळी कॉट हलायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. तेही स्लॅबचं नव्हे, एवढं मात्र निर्विवाद सिद्ध झालं.

महिना संपला त्या दिवशी सरांनी हट्टानं पुन्हा काठीचा विधी करायला लावला. काठी त्यांनी संभाच्या हातात दिली. संभाच्या दंडाकडे बघून सिस्टरांनी मलम आधीच आणून ठेवलं होतं.

"मला दंड करणारा कोणी नाही!" सर पाठ करून गरजले, पण खांदे आखडून.

संभानं काठी वर उचलली. आणि खांद्यावर बसलेली माशी उडवावी तशी टेकवली. "कायदा हाय, सर," म्हणाला.

"आणि?"

"आनि काय?"

"स्लॅब गळतो, तेही म्हण."

गवंडी दुसऱ्या दिवशी आला. त्याच्या मागोमाग पेंटर आला आणि त्यानं भिंतीवर नवं कलम लिहिलं: 'राजानं दर वर्षी प्रत्येक खोलीत तीन रात्री पाहुणा म्हणून राहावं.' खाली पुन्हा आपला नंबर टाकला.

पुढच्या वर्षीची फायनल मला विसरता येणार नाही. पुन्हा त्याच दोन पेठा. सामना सुरू व्हायच्या आधी सर उठले, खुर्ची उचलली आणि गेटच्या बाहेर, रस्त्यावर नेऊन ठेवली. मागनं संभा स्वतःची खुर्ची घेऊन उतरला आणि गेटच्या दुसऱ्या अंगाला बसला. उंबऱ्याबाहेर एका मोबाईलवर दोघं मिळून असे काही ओरडले, असे एकमेकांच्या पेठांचे उद्धार केले, की डेअरीवाल्यानं शटर अर्धं ओढलं. मी मात्र शहाणा. आतल्या पायरीवर बसून शेंगा खात, दोघांची मजा बघत, मनात म्हणत होतो, केवढे हे लोक कायद्याचे पाबंद! यांच्याकडून शिकावं.

तेवढ्यात गोल झाला. कुठल्या पेठेनं मारला, ते आजही मला सांगता येणार नाही. माझी तर पेठसुद्धा नाही; मी चंदगडचा. पण मी उडालो. शेंगांची कढई उडाली. "ग्गोल!" असा एक आवाज गुलाबी जिन्यात घुमला आणि तो माझा होता.

बाहेर दोन्ही खुर्च्या मागं सरकल्या. सर आणि संभा, दोघांनी एकदम मान वळवून गेटच्या गजांमधून माझ्याकडे बघितलं. सर आत आले. शेंगांवरून जपून पाऊल टाकत भिंतीपाशी गेले.

"या महिन्याचा न्यायाधीश कोण?"

"मीच की, सर," वरच्या वळणावरून महादेवी सिस्टर म्हणाल्या. उलथनं त्यांच्या हातात आधीच होतं.

मी माफीचा अर्ज केला. सरांनी लगेच राजा या नात्यानं त्यावर विचार केला, खरोखर विचार केला, डोळे मिटून, आणि तो फेटाळला. मग आत जाऊन माळ्यावरून ती जुनी कातडी बॅग काढून आणली, फडक्यानं पुसली आणि माझ्या हातात दिली.

"ही ने. हिला रस्ता माहीत आहे."

"सर, पण माझं कोर्ट..."

"गडहिंग्लजलाही कोर्ट आहे," सर म्हणाले. "अक्काला फोन केलाय. कारली आणून ठेवते म्हणाली."